डुगल्ड मॅकफेल आणि लाल मासा

पडदा वर जातो तेव्हा समोर घोड्याच्या नालासारखं एक भलंमोठं टेबल आहे. त्याच्या गोलाईवर एडिंबरा संसदेच्या समितीचे सभासद, मधोमध अध्यक्षबाई आणि पाण्याचा जग. नालाच्या उघड्या तोंडाशी, नाटकात जिथे आरोपीला उभं करतात तिथे, दोन साक्षीदार बसलेत. एक विद्यापीठातल्या मत्स्यशास्त्राच्या डॉक्टरीणबाई. दुसरा इन्व्हरगॅल बंदराचा कोळी डुगल्ड मॅकफेल. अंगात स्वतःच्या लग्नातला कोट. बटणांनी काजांची आशा केव्हाच सोडलेली. मागे प्रेक्षकांत सगळं इन्व्हरगॅल, आणि पहिल्या रांगेत त्याची मुलगी मॉर्व्हेन.

खटला कॉड माशाचा होता. वसंत ऋतूत क्लाइडच्या आखातात कॉडच्या माद्या गाभोळी सोडतात, म्हणून तेवढे दिवस समुद्राचा तो तुकडा बंद. जाळी ओढणाऱ्या ट्रॉलरांना ही बंदी जुनीच. पण डुगल्डसारखे पिंजरेवाले, म्हणजे तळाशी पिंजरे सोडून कोळंबी आणि शेवंड धरणारे, यांना त्यातून सूट असे. यंदा सरकारने ती काढून घेतली. नवा हुकूम ठेवायचा की रद्द करायचा, यावर आज समिती मत देणार होती.

डुगल्डला हुकुमाची पर्वा एकाच कारणासाठी होती. बोटीवर त्याच्यासोबत मॉर्व्हेन असे. तिने त्याला बजावलं होतं, "बंदी राहिली तर मी खाडीतल्या मत्स्यशेतीवर कामाला जाणार." आणि तिकडे गेलेलं माणूस बोटीवर परत येत नाही, असं डुगल्डचं पक्कं मत होतं.

वर एक पंचाईत. त्या शेतीत सॅमन वाढवत. इन्व्हरगॅलचा कोळी हे नाव उच्चारत नाही. फार तर 'लाल मासा' म्हणतो. दुसऱ्या कुणी उच्चारलंच, तर ऐकणाऱ्याने ताबडतोब गार लोखंडाला हात लावायचा, नाहीतर बोटीवर संकट आलंच म्हणून समजा. रात्री सापाला 'जनावर' म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

डॉक्टरीणबाई आधी बोलल्या. कॉडचे नर विणीच्या वेळी हुंकार देऊन माद्यांना बोलावतात, तळाशी काहीही आदळलं की जोडपी उधळतात, असं त्यांनी सांगितलं.

"मासा हुंकारतो?" डुगल्डने विचारलं.

"हो. अगदी खालच्या पट्टीत."

"बाई, माझ्या पिंजऱ्यात कॉड शिरतच नाही. शिरलाच तर वाट चुकलेला असतो."

"शिरत नाही, हे मलाही मान्य आहे. पण लग्नघराच्या छपरावर तुम्ही पिंजरे टाकताय, त्याचं काय?"

वाक्य चांगलं होतं, ते आपल्याला का सुचलं नाही, याचं डुगल्डला वाईट वाटलं.

मग ग्लासगोचे एक चष्मेवाले सभासद पुढे झुकले. "मिस्टर मॅकफेल, बंदीचा तुमच्या घरावर काय परिणाम होईल?"

"माझी मुलगी जाईल."

"कुठे?"

"शेतावर."

"शेती? उत्तम धंदा आहे."

"तसलं शेत नाही हो, साहेब. पाण्यातलं. तिथे तो... लाल मासा असतो."

"लाल? तांबोशी?"

"नाही."

"खेकडा?"

"खेकडा मासा असतो का?" डुगल्ड चिडला. शब्द संपल्यावर माणसाजवळ देह उरतो. तो उठला. दोन्ही हातांनी त्याने नदी दाखवली, मग धबधबा दाखवला, आणि कोटासकट त्यावर उडी मारली. पाठीवरची शिवण टर्रकन उसवली. कामकाज लिहून घेणाऱ्या मुलीने क्षणभर विचार केला आणि लिहिलं : 'साक्षीदार उडी मारतात.'

"डॉल्फिन!" एक सभासद उत्साहाने म्हणाल्या. त्यांना आता खेळ आवडू लागला होता.

"अरे, जरा इकडे तोंड करून कर की!" मागून त्याचा दोस्त आर्ची ओरडला. "आम्हाला नुसती पाठ दिसतेय, तीही उसवलेली!"

"प्रेक्षकांनी शांत राहावं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अच्छा!" चष्मेवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे सॅमन का?"

सगळं इन्व्हरगॅल एकदम उठलं. पण त्या दालनात होतं काय? लाकूड, काच आणि काँक्रीट. लोखंडाचा कुठे पत्ता नाही. खुर्च्या उलट्या झाल्या, कुणी बुटाचे खिळे चाचपू लागलं. आर्चीने आग विझवायच्या नळकांड्याला मिठी मारली आणि पहारेकऱ्याने आर्चीला. डुगल्ड मात्र टेबलाशी हवालदिल उभा. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलाखालून त्याच्या हातात दिला.

"माझे आजोबाही कोळी होते," त्या हळूच म्हणाल्या.

जुडगा मुठीत घट्ट आवळून डुगल्डने मॉर्व्हेनकडे पाहिलं. मग तो सभासदांकडे वळला आणि जन्मात जे केलं नव्हतं ते त्याने केलं. "हो साहेब. सॅमन. माझी पोर सॅमनच्या शेतावर जाईल. तिला जाऊ देऊ नका."

नाटकात अशा वाक्यानंतर टाळ्या पडतात. इथे मतं पडली, आणि हुकूम बहुमताने कायम राहिला.

परतीच्या बसमध्ये आर्ची फुरंगटून बसला होता. "सभासद आपल्या बाजूला आले होते रे! तू तोंडाने नाव घेतलंस आणि बुडवलंस."

"आर्चीकाका, गप्प बसा हो," मॉर्व्हेन म्हणाली. मग बापाकडे वळली. "बाबा, खरं सांगू? हुकूम रद्द झाला असता तरी मी जाणार होते."

"का गं?"

"तिथे मला बोट चालवायला देतायत. तुझ्याकडे मी इतकी वर्षं आमिषाच्या बादल्याच उचलतेय. सुकाणूला हात लावला की तू खोकतोस."

डुगल्ड खोकणार होता. त्याने खोकला गिळला.

बंदीचे दिवस त्याने धक्क्यावर काढले. बोट रंगवली, समुद्रपक्ष्यांशी भांडला, आणि रोज सकाळी दुर्बिणीतून शेतीवाल्यांची बोट न्याहाळली. सुकाणूवर मॉर्व्हेन असे. तिची एखादी तरी चूक सापडावी म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बघे. भरतीच्या उलट्या ओढीत, वारा आडवा असताना, ती बोट अशी अलगद धक्क्याला लावी की दोर फेकणाऱ्याला घाईच नसे. आर्ची विचारायचा, "काय, दिसलं काही?" आणि डुगल्ड म्हणायचा, "काच मळलीय."

बंदी उठली त्या सकाळी मॉर्व्हेन सुट्टी काढून धक्क्यावर आली. "नुसती बघायला आलेय हं," तिने आधीच सांगून टाकलं. सुकाणूच्या खोलीचं दार डुगल्डने सताड उघडलं, स्वतः मात्र मागे गेला आणि आमिषाच्या बादल्यांमध्ये, जिथे ती उभी राहायची तिथे, बैठक मारली. ती धक्क्यावरूनच बघत राहिली.

"बाबा, तू तिथे काय करतोयस?"

"चल, घे बोट बाहेर. मी इथे बसून चुका काढतो."