बढतीचे पेढे आणि मागे राहिलेली झाडं

दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये झाड लावणाऱ्याला फळ मिळत नाही, हे मला शाळेत असतानाच कळलं. सरोजिनी नगरच्या पहिल्या क्वार्टरमागे आईने लिंबू लावलं. ते बहरलं आणि बाबांना प्रमोशन मिळालं. प्रमोशन म्हणजे मोठं क्वार्टर, म्हणजे पुन्हा ट्रक आणि पुन्हा दगडासारखी माती खणणं. दुसऱ्या घरच्या पेरूने सुपारीएवढी फळं धरली, तेव्हा बाबा पुन्हा पेढे घेऊन आले. आईने पेढ्याला हात लावला नाही. "एकदा तरी नापास व्हा की हो!" एवढंच म्हणाली.

पेरू पिकायच्या सुमाराला ती मला घेऊन त्या घरी गेली. नव्या बाईंनी जाळीच्या दाराआडूनच सांगितलं, "अब तो ये पेड़ हमारा है जी." परतताना आई रस्ताभर फणफणत होती. "पाणी घातलं मी, शेणखत आणलं मी, आणि खाणार ही?"

तिसऱ्या क्वार्टरच्या अंगणात मात्र आयतं डाळिंब होतं, फळांनी वाकलेलं. पेरूच्या त्या फेरीनंतर आठवड्याभरात एक म्हातारी पिशवी घेऊन दारात आली. आधी त्याच घरात राहायची. झाड तिनेच लावलं होतं. मला वाटलं, आता आई तिची पिशवी गच्च भरून देणार.

आईने जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच म्हणाली, "अब तो ये पेड़ हमारा है जी."