काठ खाणारा मॉनिटर

"पहिले काठ देख, मंग आंग." नवं डिझाइन कोणीही दाखवायला नेलं की आप्पा आधी हे बजावायचे आणि उजव्या हाताचं बोट मॉनिटरच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचे. काचेवर बोटाचा पट्टा उमटायचा. तो शर्टाच्या बाहीने पुसायचे. साडीचं अंग कितीही देखणं असो, काठ फसला की बाई साडी हातात घेऊन परत ठेवते, असं त्यांचं म्हणणं.

सुरतेच्या रिंग रोडमागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ. छापील साड्यांची डिझाइनं आम्ही कॉम्प्युटरवर काढायचो. आप्पा आमचे सगळ्यांत जुने डिझायनर, खानदेशातल्या शिरपूरकडचे; मालक शेठशी गुजराती, आमच्याशी आणि रागात अहिराणी बोलायचे. माझं घर मूळचं अकोल्याचं, पण त्यांच्या शेजारी बसून मलाही ती भाषा कळू लागली होती. मी बोलायला गेले की मात्र ते कानांवर हात ठेवायचे.

सगळ्यांच्या टेबलांवर चपटे मॉनिटर आले तेव्हाही आप्पांनी आपला जुना डबा सोडला नाही. पाठीला कुबड असलेला तो मॉनिटर उन्हाळ्यात शेगडीसारखा तापायचा. "याना रंग खरा शे. तुमना चपटा खोटं बोलतस." रोज सकाळी छापलेल्या साडीचा तुकडा काचेला लावून रंग जुळवायचे, मग डब्याला नमस्कार. आम्ही त्यांची यथेच्छ चेष्टा करायचो. मोडक्या खुर्चीसाठी भांडणारा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. आमचे आप्पा त्याच जातीचे.

म्हणून ते त्याच डब्यावर उखडले तेव्हा आम्ही चमकलो. झालं होतं असं, की एका साडीच्या डाव्या काठातली वेल मध्येच तुटलेली राहिली आणि तशीच छापून आली. सगळा माल परत. शेठने वर बोलावून झाडलं. आप्पा खाली आले ते डब्यावर थाप मारतच.

"हाऊ काठ खाई जास! मी नीट काढेल व्हता."

मी वाकून पाहिलं. डब्यात काठ होता आणि तुटलेली वेलही ढळढळीत दिसत होती.

"आप्पा, एकदा डोळे दाखवून घ्या."

"मना डोया बरा शेतस!" म्हणून त्यांनी वर्तमानपत्रातली बारीकात बारीक जाहिरात धडाधड वाचून दाखवली. वर सुईत दोरा ओवला.

शेठने नवा मॉनिटर मंजूर केला, पण निक्षून सांगितलं, "हवे भूल थाय तो घेर बेसजो, काका." आता चूक झाली तर घरी बसा. हे ऐकून आप्पा हसले. घरी बसणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. काठ काढण्याखेरीज दुसरं काही त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

निवडायला मी सोबत गेले. दुकानात मॉनिटरांची रांग आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच धबधबा. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "काका, आमां तो बॉर्डर ज नथी!" म्हणजे याला कडेची चौकटच नाही.

आप्पा माझ्याकडे वळले. "बिगर काठनं लुगडं कोन नेसस व माय?"

मी तिथेच खो खो हसले. त्यांच्यावरून पोटभर हसण्याची ती शेवटची वेळ.

दुकानदाराने माउस त्यांच्या हाती दिला. पडद्यावरचा बाण खालच्या कोपऱ्यात होता. आप्पांनी माउस हलवला, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, रस्ता ओलांडताना पाहतात तसं पाहिलं. मी बोटाने बाण दाखवला.

"कोठे शे?"

मी त्यांना एकेका मॉनिटरवर बाण शोधायला लावला. सगळ्यांत लहान मॉनिटरवर त्यांना बाण चटकन सापडत होता. मी म्हटलं, "आप्पा, हाच घ्या." पण ते ऐकेनात. काठ मावाले मोठा जोयजे, मोठाच हवा, एवढंच. जितका मोठा मॉनिटर, तितका त्याचा काठ त्यांच्यापासून लांब जात होता, आणि ते आणखी मोठा मागत होते. शेवटी दुकानातला सगळ्यांत मोठा घेऊन आलो.

नवं यंत्र आलं की आमच्याकडे पूजा होते. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. आप्पा खुर्चीत बसले, डिझाइन उघडलं, आणि खुर्ची थोडी मागे घेतली. मग आणखी मागे. पाठ भिंतीला टेकली तेव्हा कुठे अख्खी साडी त्यांच्या नजरेत मावली असावी, कारण चेहरा उजळला. त्यांनी माउसकडे हात लांबवला. टेबल दूर राहिलं होतं. हात तसाच हवेत राहिला.

आप्पा हळूच म्हणाले, "हाऊ बी काठ खाई जास."

मी त्यांना दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडून मरत येते, मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब घालून उरलेलं राखायचं. जिना उतरताना आप्पांनी माझा खांदा धरला होता. मला वाटलं, रडतील. ते म्हणाले, "डबानी काय चूक नई व्हती."

शेठने हाकलायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. डबा बाहीने पुसला, रिक्षात घातला आणि भेस्तानला घरी नेला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणावर, ते आजही सांगता येत नाही.

पुढे एकदा मी त्यांच्या घरी गेले. डबा स्टुलावर होता, साडीच्या तुकड्याने झाकलेला. त्याला वायर नव्हती. आप्पांच्या बायकोने, आमच्या मावशींनी, ताटं वाढली. मध्ये भाकरी, कडेला लसणाची चटणी आणि कांदा. आप्पा कोरडीच भाकरी खाऊ लागले. मावशी ताट फिरवायला पुढे झाल्या, तर त्यांनी हात धरून थांबवलं. उजव्या हाताचं बोट ताटाच्या काठावर टेकवलं आणि सावकाश गोल फिरवत नेलं. बोट चटणीत शिरलं तसे थांबले.

"पहिले काठ," मला म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत.

बोट पुढे सरकलं. ताटाच्या कडेवर चटणीचा लाल पट्टा उमटला. मी वाट पाहिली, पण पुसायला बाही पुढे आली नाही. तो त्यांना दिसलाच नव्हता.