सेलच्या झाकणावरचं कुंकू

जमिनीखालचं तेल मोजायचं यंत्र आमच्या सोलापुरात बनतं म्हटलं की लोक हसतात. इथे तेल निघतं ते शेंगदाण्याचं, नाहीतर करडईचं. पण एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मी इतकी वर्षं हेच करते आहे. वरवंट्याहून थोडा मोठा, जाड पोलादाचा सेल असतो, त्याच्या पोटाला जाड काचेची बोटभर खिडकी. खोल जमिनीत तेल जेवढं तापलेलं आणि दाबलेलं असतं, तेवढाच ताप आणि दाब सेलमध्ये द्यायचा आणि तेलानं किती जागा व्यापली ते मोजायचं. वर आलेल्या तेलातला वायू उडून जातो आणि तेल आटतं, म्हणून हातात किती पडेल ते आधी असं बघतात.

हे मला शिकवलं माझ्या नवऱ्यानं. लग्नानंतर मीही तिथेच कामाला लागले आणि आमचा संसार एका टेबलाच्या दोन बाजूंना झाला. ते झडपा आवळायचे, मी खिडकी बसवायची. मग सेल तापत ठेवला की वाट बघायची. काटा स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही. तेवढ्यात डबा उघडायचा, भाकरी-चटणी खायची आणि भांडायचंही.

भांडण दरवर्षी ठरलेलं, खंडेनवमीचं. त्या दिवशी यंत्रं बंद, हत्यारांची पूजा. मी तयार सेलच्या झाकणावर कुंकू लावायची. तेलात कालवलेलं कुंकू तिथे कोरलेल्या नंबरात जाऊन बसायचं. दसरा झाला की हे रॉकेलची चिंधी घेऊन ते खरवडत बसायचे.

"गिऱ्हाईक काय म्हणंल गं? सोलापूरवाले सेल पाठवत्यात का देव?"

"म्हणू द्या की. तुमाला कुटं उत्तर द्यायचंय?"

पुसल्याशिवाय त्यांनी एकही सेल बाहेर जाऊ दिला नाही. फार स्वच्छतेचा माणूस.

मग आखातातल्या एका प्रयोगशाळेला आमचे सेल चालवणारा माणूस हवा होता आणि हे गेले. दोन वर्षांसाठी म्हणून गेले, करार वाढत गेला. टेबलाची पलीकडची बाजू रिकामी झाली. तिथे दुसरा कुणी बसू नये म्हणून मी मुद्दाम नट आवळायचे पाने पसरून ठेवते. मालक ओरडतात, मी ऐकत नाही.

रोज फोन होतो. चेहरा दिसतो, जेवलीस का विचारतात, संपलं. सेलमध्ये बारीक नळीत आणि झडपेत थोडं तेल अडकतं, ते खिडकीतून दिसत नाही, पण हिशेबात धरावं लागतं. हे त्यांनीच मला शिकवलंय. फोन ठेवल्यावर मला नेमकं तेच आठवतं आणि राग येतो.

गेल्या वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेसाठी एक सेल गेला. खंडेनवमीचं कुंकू नंबरात तसंच होतं. पुसायला कोण होतं? आणि खरं सांगायचं तर मला ते पुसायचंच नव्हतं. तो सेल वर्षभरानं तपासणीला परत इथेच येणार होता. "त्येच्यासंगट मीच येतो," हे म्हणाले होते. कायमचा येतो, असंही म्हणाले होते.

या दिवाळीच्या तोंडावर पेटी आली. मी कारखान्याच्या दारात उभी होते, नवं लुगडं नेसून. हो, नेसले होते. टेम्पोतून ड्रायव्हर उतरला, हमाल उतरला, पेटी उतरली. आणखी कुणी उतरलं नाही.

पेटी मीच उघडली. सेल लख्ख पुसलेला होता, काचेवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. फक्त झाकणावरच्या नंबरात माझं जुनं कुंकू होतं, काळपट पडलेलं. आणि त्याच्यावर लालभडक, नवं. त्यांना पाठवलेल्या चटणीच्या डब्यात मी कधीतरी घातलेली कुंकवाची पुडी त्यांनी जपून ठेवली होती. परक्या मुलखात, एकट्यानं खंडेनवमी केली होती. मला इतकं भरून आलं की सेलवर हात ठेवून मी तिथेच खाली बसले.

तेवढ्यात फोन आला.

"पोचली का पेटी?"

"पोचली की."

"करार परत वाढवला गं. ऐनवेळी सोडंनात. सांगायचं धाडस झालं न्हाय."

मी नंबरातल्या नव्या कुंकवावर बोट टेकवलं.

"झाकण बघितलंस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बघितलं. लई घाण केलीय. गिऱ्हाईक काय म्हणंल?"

ते हसले, मग हसणं थांबलं. "पुसू नको," म्हणाले.

"मी न्हाय पुसत," मी म्हटलं. "चिंधी तुमच्या बाजूला ठेवलीय. येऊन तुमीच पुसा."