होकाराची ओळ

आमच्या गिंबाल गावात नगरपालिकेसमोर गेल्वेझॉन वकिलांचं ऑफिस होतं आणि मानांग क्रिसिंग तिथली टायपिस्ट. मानांग म्हणजे थोरली बहीण. खुद्द वकीलही तिला तसंच हाक मारत. एकतीस वर्षं तिनं लोकांचे करार टाइप केले आणि आलेल्या प्रत्येकाला फैलावर घेतलं. "तू देतोयस ते कळलं. पण ही घेतेय का? हिला काय जीभ नाही?" घेणाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय करार होत नाही, आणि घरदार बक्षीस द्यायचं तर तो होकार लेखी हवा, देणारा जिवंत असतानाच हवा, हे मी तिच्याकडूनच शिकले. मी शेजारच्या टेबलावर बसायचे.

आमच्याकडे पहिल्या झटक्यात हो म्हणणं हावरटपणाचं. साधं जेवणाचं ताटसुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं.

मानांग राहायची म्हाताऱ्या लोला ग्लिसेरियाच्या घरात, मागच्या खोलीत. लोला म्हणजे आजी. नात्यातली नव्हती, पण लोलाचं औषधपाणी आणि तिच्याशी रोजचं भांडण, सव्वीस वर्षं हिनंच केलं. लोलाला घर हिच्या नावे करायचं होतं. ईस्टरला विचारलं, तर ही म्हणे, "छे, मला कशाला?" वाढदिवसाला विचारलं, पुन्हा तेच. मग लोलानं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आठवडा काढला तरी खूप. लोलाचा बाकोलोद शहरातला पुतण्या घर विकायला टपलेलाच होता; मानांग रस्त्यावर आली असती.

शेवटी लोलानं वकिलांना घरी बोलावलं. बक्षीसपत्राचा कागद मानांगनंच टाइप करून आणला. साक्षीला मी आणि शेजारचा सुतार. मी मोठ्यानं वाचत गेले आणि शेवटी थांबले. होकाराची ओळच नव्हती. हजारदा टाइप केलेली ओळ हिनं स्वतःच्या कागदातून गाळली होती. मला असा राग आला.

"मानांग, तुझी ओळ कुठेय?"

"राहू दे गं. लोला बरी झाली की बघू. असा लगेच हात पसरायचा म्हणजे..."

वकील चष्मा पुसत म्हणाले, "त्या ओळीशिवाय हा कागद रद्दी आहे, हे तुला मी सांगायचं का?"

लोलानं डोळे उघडले. "क्रिसिंग, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला दम पुरत नाही गं मला."

मानांगनं माझ्या हातातून पेन घेतलं, ओळ हातानंच लिहिली आणि खाली सही केली. मग लोलाची सही, आमच्या सह्या, वकिलांचा शिक्का.

"लिहिलंस?" लोलानं विचारलं.

"लिहिलं."

"मला दिसत नाही. तोंडानं सांग."

मानांग उशाशी वाकली. "हवंय, लोला. मला हे घर पहिल्यापासून हवंय." बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

लोलानं चाचपडत तिचा हात धरला. "मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतंस का?"