चाकामागचा दगड

गाडी हलेना. आमचं अंगण उताराचं, गाडी उलटीच बाहेर काढावी लागते. रिव्हर्स टाकला, ब्रेकवर पाय ठेवून पार्किंग ब्रेकचं बटण दाबलं, लाल दिवा गेला. होल्डचा हिरवा दिवा बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. गाडी किंचित मागे झुकायची आणि जागच्या जागी. शेवटी शोरूमला फोन लावला. तिथल्या माणसाने सीटबेल्टपासून दारापर्यंत सगळं विचारलं आणि गाडी शोरूमला घेऊन या म्हणाला.

माझे वडील, आबा, शेजारच्या सीटवर शांत बसले होते. गोव्यातल्या इस्पितळात त्यांचे उपचार चालू होते, वेळेत पोचायचं होतं.

"बटणां दाबून झाली काय रे झिला?"

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. गाडीच्या मागून फिरली आणि म्हणाली, "खाली उतरान बघा तरी." मागच्या चाकाला जांभ्या दगडाचा अर्धा चिरा लावलेला होता. आदल्या संध्याकाळी आबांनी लावलेला, माझ्या ध्यानातून गेलेला.

आबांची सगळी नोकरी ट्रकवर गेली. एकदा घाटात हँडब्रेक ओढून उभा केलेला ट्रक मागे सरला आणि मागे उभा असलेला त्यांचा जोडीदार गेला. त्यानंतर दगड लावल्याशिवाय त्यांनी कुठलीच गाडी सोडली नाही. माझ्या गाडीत तर ओढायला दांडाही नव्हता. अशा गाडीतून मी येणार नाही, असं त्यांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. आले ते दगडाच्या अटीवर. डिकीत एक चिरा कायम. इस्पितळाच्या चढावर कोट घातलेली माणसं आमच्याकडे बघायची आणि मी चाकाशी ओणवा.

मग मीही गाडीचं पुस्तक वाचून काढलं. वाटेत बांद्याला गाडी चार्जिंगला लावली की मी मास्तर व्हायचो.

"आबा, लाल दिवो म्हणजे पार्किंग. चाकां बांधली. करंट गेलो तरी सुटाचा नाय. हिरवो तो होल्ड. पाय काढलो तरी गाडी धरून ठेवता, पण आपण बसलेलो आसव तवसर."

"मगे हिरवो कित्याक?"

"सिग्नलाक. पाय दुखाक नये म्हणान."

"आपल्या गावात सिग्नल खंय आसा?"

मी चार्जरची वायर काढायला उतरलो.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता आणू नका, घरीच ठेवा, म्हणाले. परतताना हायवेवर सिग्नल लागला. मी ब्रेकवरचा पाय काढला. हिरवा दिवा लागला होता, आबा त्याच्याकडेच बघत होते.

"डॉक्टर काय म्हणालो?"

"फुडच्या खेपेक येवची गरज नाय म्हणालो."

त्यांनी हिरव्या दिव्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, "गाडी धरून आसा?"

"आसा."

मागचे हॉर्न वाजायला लागले तेव्हा कळलं, सिग्नल कधीचा सुटला होता.

घरी आल्यावर मी पी दाबला, पार्किंगचा लाल दिवा बघितला आणि त्यांना आत न्यायला दार उघडलं. ते आत जाईनात. दगड मीच लावणार, म्हणाले. मी कमरेला धरलं. त्यांचा हात गुडघ्यांच्या खाली जाईना. चिरा बोटांतून सुटला आणि चाकापासून वीतभर पडला. मी वाकायला लागलो तर मला कोपराने बाजूला सारलं आणि पायाने ढकलत ढकलत तो टायरला भिडवला. एवढ्यानेच त्यांना घाम फुटला होता.

"आता हलाची नाय," म्हणाले.

त्यानंतर गाडी काढायचं कारण पडलं नाही. आठवड्याभरात आबा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून सामान आणायचं होतं. मी गाडीत बसलो, रिव्हर्स टाकला, लाल दिवा घालवला. गाडी किंचित मागे झुकली आणि थांबली. या वेळी मी कोणाला फोन केला नाही. उतरलो, मागे गेलो. तिथेच उभा राहिलो. दगडाला हात लावायला होईना.

बायको ओटीवरून बघत होती. खाली आली, माझ्या हातातली चावी घेतली.

"आज बरो दिसलो तुमका दगड," म्हणाली. "ऱ्हवांदे तो. मी रिक्षाक फोन करतंय."