शांततेला घाबरणारे आमदार

"जरा मोठ्यानं बोला, इथं कुणी आजारी नाही."

उजवा हात कानामागे नेऊन आमचे आमदार हे वाक्य प्रत्येकाला ऐकवायचे. मग समोर नळाची तक्रार घेऊन आलेला माणूस असो, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला वधूपिता असो, नाहीतर एखादा बडा साहेब असो. एका बड्या साहेबांनी तर म्हणे पुढचं सगळं उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तसं सांगितलं.

तुम्ही कसबा पेठेतल्या तांबटांच्या आळीतून कधी गेला असाल, तर हे वाक्य कुठून आलं ते तुम्हाला सांगायला नको. गेला नसाल तर सांगतो. सकाळचा चहा झाला की तिथं तांब्यावर हातोडे पडायला लागतात, ते दिवेलागणीपर्यंत. घागरी, हंडे, बंब सगळं ठोकून ठोकून चकचकीत होतं. त्या दणदणाटात लोक भांडतात, लग्नं जुळवतात आणि पाळण्यातली पोरं गाढ झोपतात. हातोडे थांबले की मात्र पोरं दचकून रडायला लागतात. आमचे आमदार अशाच एका पाळण्यात वाढलेले.

त्या आळीच्या तोंडाशी माझं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. म्हणजे धंद्याच्या हिशेबानं हा माणूस माझा वैरीच म्हणायचा. दोन मोठे पुढारी एकमेकांना तिकीट मिळू देईनात, म्हणून ते तिसऱ्याच माणसाला मिळालं, आणि हा तिसरा माणूस त्या वेळी एका बंबाला तोटी बसवत होता. पहिल्याच सभेत माझं मशिन बंद पडलं. मला दरदरून घाम फुटला. हे मात्र व्यासपीठावरून शांतपणे म्हणाले, "राहू द्या हो. ते कर्णे उतरवा, उगाच लोकांना त्रास." आणि बोलायला लागले. शेजारच्या पेठेतले लोक आपापल्या ओट्यावर बसून सभा ऐकून गेले. त्यानंतर त्यांच्या एकाही सभेला माझे कर्णे लागले नाहीत. विरोधकांच्या सभांना लागले आणि ते सपाटून पडले. पुढे कित्येक दिवस उमेदवार माझ्या दुकानावरून जाताना पलीकडच्या कडेनं जायचे.

तर हा असा खणखणीत माणूस मुंबईला विधानसभेत गेला आणि गप्प झाला.

शनिवारी घरी आले की लोक विचारायचे, काय बोललात? ते म्हणायचे, संधी आली नाही. मग एकदा त्यांची बायको आणि मी, आम्ही दोघंच गॅलरीचा पास काढून बघायला गेलो. या वहिनी म्हणजे हातोड्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये वाक्य बसवणाऱ्या बाई. खाली मऊ गालिचा, मऊ खुर्च्या आणि प्रत्येकासमोर माइक. अध्यक्षांनी आमदारांचं नाव पुकारलं. सभागृह शांत झालं. हे उठले, "अध्यक्ष महाराज" म्हणाले आणि इकडेतिकडे बघायला लागले. खिशातली किल्ली हरवलेल्या माणसासारखा चेहरा झाला. मग बसले.

"घरी तर यांचा आवाज ऐकवत नाही," वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या.

सोमवारी आमच्या चौकातल्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात मजकूर झळकला: 'आमदार विश्रांती घेत आहेत. कृपया प्रश्न विचारू नयेत.' फळा कुणी लिहिला ते पुण्यात कधी कळत नाही. आमदारांनी तो वाचला, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि पुढे गेले. पण त्यांना लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी कुणालाही मोठ्यानं बोलायला सांगितलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच आळीवर संकट आलं. मागच्या बाजूला नवी इमारत झाली होती, तिच्यातल्या लोकांना आवाजाचा त्रास होऊ लागला. अर्ज गेले आणि तांबटांना तिथून उठवून शहराबाहेर मांजरी गावाच्या बाजूला जागा द्यायचा बेत सरकारात शिजू लागला. जागा मोठी होती म्हणे. पण तिथं उसाच्या शेतात बंब विकत घ्यायला कोण येणार होतं? आळी उठली की धंदा बसला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. प्रश्न विधानसभेत येणार होता आणि बोलणारा आमच्याकडे एकच होता. तोही न बोलणारा.

मग घरी तालीम सुरू झाली. मी माझा माइक घेऊन गेलो. दारं-खिडक्या लावून घेतल्या, मी अध्यक्षांच्या जागी पाटावर बसलो. ते उठले, "अध्यक्ष महाराज" म्हणाले आणि थांबले. पुन्हा उठले, पुन्हा थांबले. शेवटी उकडतंय म्हणून वहिनींनी खिडकी उघडली. हातोड्यांचा आवाज भसकन आत आला आणि आमदार धबधब्यासारखे बोलायला लागले. वहिनींनी खिडकी लावली. ते थांबले. उघडली. सुरू झाले.

"अहो, खिडकी बंद केली की तुम्ही बंद," वहिनी म्हणाल्या.

रोग सापडला, पण विधानसभेत हातोडे न्यायचे कसे? आळीत सूचनांना ऊत आला. कुणी म्हणालं, गॅलरीत घागरी घेऊन बसू. मी आवाजाची टेप करून द्यायची तयारी दाखवली. आमदार म्हणाले, काळजी करू नका, तिथं गोंधळ असतोच, गोंधळ झाला की उठतो.

प्रश्नाच्या दिवशी वहिनी आणि मी पुन्हा गॅलरीत. आणि त्या दिवशी, आमचं नशीब बघा, सभागृह असं सौजन्यानं वागत होतं की जणू मुलगी बघायला आलं आहे. एकही माणूस ओरडेना. आमदारांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले. "अध्यक्ष महाराज." शांतता. वहिनींनी माझ्या मनगटात नखं रुतवली.

तेव्हा आमदारांनी खाली बघितलं आणि समोरच्या बाकावर मूठ आपटली. मग पुन्हा. मग लयीत, घागरीवर हातोडा चालावा तशी. आता विधानसभेत पसंती दाखवायला बाक वाजवायची पद्धत. शेजाऱ्याला वाटलं, काहीतरी चांगलं घडलं असणार. त्यानंही बाक वाजवला. मग पुढच्यानं, मग पलीकडच्या पक्षानं. बघता बघता सगळं सभागृह दणाणून गेलं, कशासाठी ते एकालाही माहीत नव्हतं, आणि त्या दणदणाटावर स्वार होऊन आमचे आमदार बोलायला लागले. अध्यक्षांनी घंटा वाजवली.

"अध्यक्ष महाराज, काहीही करा, पण शांतता करू नका," ते गरजले. "आमचा आवाज होतो, खरं आहे. तुमच्या घरी आंघोळीला पाणी तापतं ना, ते ह्याच आवाजावर तापतं. आवाज मांजरीला पाठवाल. माणसं कुठं पाठवाल?"

लोक हसत होते, बाक वाजवत होते. आळी हलवली जाणार नाही, असं मंत्र्यांनी उठून सांगितलं, तेही ओरडून. मी गॅलरीत नाचायचाच बाकी होतो. फळ्यावर दुसऱ्या दिवशी मजकूर आला: 'आमदार बोलले. झोपमोड झाल्याबद्दल क्षमस्व.'

पुढच्या निवडणुकीत ते पडले. तोवर पेठेत नव्या इमारती बऱ्याच झाल्या होत्या, त्यांतल्या लोकांनी एकगठ्ठा विरोधात मतं दिली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर ओट्यावर बसून हंडा ठोकत होते. मी वाईट वाटल्याचं सांगितलं. म्हणाले, "बरं झालं. तिथं फार शांतता होती हो."

बऱ्याच वर्षांनी ते आजारी पडले. दवाखाना गावाबाहेर, खोली निवांत. आम्ही भेटायला गेलो आणि जाताच सगळे कुजबुजायला लागलो. त्यांचा हात हळूहळू कानामागे गेला. "जरा मोठ्यानं बोला. इथं कुणी आजारी नाही."

आम्ही हसलो. मला तेव्हा त्यांना मिठी मारावीशी वाटली होती, पण नळ्या होत्या. नंतर वहिनींनी सांगितलं, "शेवटचे दोन दिवस काही बोललेच नाहीत. मी खिडकी उघडली हो. पण बाहेर नुसती झाडं."

आळीत कुणी वारलं की हातोडे बंद ठेवतात. शोकसभेच्या दिवशी वहिनींनी ते बंद ठेवू दिले नाहीत. सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले आणि प्रत्येक घरातला एक जण हातोड्याशी बसला. भर दणदणाटात आम्ही खाली माना घालून गप्प उभे होतो. सभेचे अध्यक्ष बाहेरचे होते, गोंधळून गेले. माझ्याकडे वाकून हळूच काहीतरी विचारायला लागले.

माझा हात आपोआप कानामागे गेला. "जरा मोठ्यानं बोला," मी म्हणालो. पुढचं मला म्हणता आलं नाही.