नकोशीचा सत्कार

कन्हेरीच्या महिपतींना चौथीही मुलगीच झाली, तेव्हा त्यांनी तिचं नाव नकोशी ठेवलं, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. पुढं काहीच झालं नाही. मग त्यांनी फुलाबाईशी दुसरं लग्न केलं आणि पहिलीला, प्रयागबाईला, गोठ्यात निजायला लावलं. थोरल्या तिघी लग्न होऊन गेल्यावर प्रयागबाई नकोशीला घेऊन इंदापूरला भावाकडं आली. आपलीच कूस वाईट, असं ती लेकीला सांगायची आणि स्वतःही तेच खरं मानायची.

नकोशीला ते कधी पटलं नाही. मामा मोहनराव शाळामास्तर होते. त्यांनी भाचीला शिकवलं, पुढं पुण्याला कॉलेजात पाठवलं. तिथं मैत्रिणी म्हणाल्या, नाव तेवढं बदलून घे. तिनं ऐकलं नाही. हेच नाव घेऊन तिला बापासमोर उभं राहायचं होतं.

तिनं गर्भाच्या वाढीचा अभ्यास धरला. अंड्याच्या कवचाला बारीक खिडकी पाडून ती आतल्या गर्भाचं धडधडणारं काळीज बघत बसायची. सुरुवातीला गर्भात नराची आणि मादीची, दोन्हींची तयारी असते. मग एक वाट धरली जाते. ती वाट कोण ठरवतं, एवढंच तिला हवं होतं. कोंबड्यांत ते मादीकडून ठरतं हे कळलं, तेव्हा तिनं अंडी बाजूला सारली. तिला मार्गदर्शन करणारे सर चिडले, झालेलं काम वाया जाईल म्हणाले. तिनं खाटीकखान्यातून शेळ्यांचे गर्भ आणायला सुरुवात केली. शेळीत ते नराकडून येतं, माणसातही तसंच. पुस्तकांत ते आधीच छापलेलं होतं, पण तिला स्वतःच्या कामाच्या जोरावर बोलायचं होतं. लोकांना वाटे, बाईला विषयाचं केवढं वेड. वेड होतं, पण विषयाचं नव्हतं.

१९५७ साली तिला डॉक्टरेट मिळाली आणि कन्हेरीनं सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात नवा फेटा बांधून महिपती पुढंच बसले होते आणि भेटेल त्याला माझी लेक म्हणून सांगत होते. बायकांत फुलाबाई होती. तिलाही मुलीच झाल्या होत्या आणि त्या सासरी गेल्या तरी त्यापायी तीही रोज बोलणी खात होती.

हार गळ्यात पडल्यावर नकोशी उठली. गर्भ कसा घडतो ते तिनं, आधी अंड्यांवर आणि मग शेळ्यांवर केलेल्या कामातून, सोपं करून सांगितलं. मग ती बापाकडं वळली.

"पोरगा का पोरगी, ते बापाकडनं येतं, आईकडनं न्हाय. माझ्या आईला गोठ्यात निजवलं. दोष तिचा नव्हता. ह्यांचा व्हता."

खरं तर दोष बापाचाही नसतो, त्याच्या हातात काही नसतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिनं मुद्दाम सांगितलं नाही.

महिपतींना सावरायला त्यांचे चुलतभाऊ तात्याबा उठले. तू तर आधी अंड्यांवर शिकलीस, मग कोंबड्यांतही असंच असतं का, असं त्यांनी विचारलं. आपल्या कामाबद्दल नकोशीला खोटं बोलवेना. कोंबड्यांत ते मादीकडूनच येतं, असं तिनं कबूल केलं. पुरुष हसले. महिपतींची मान वर झाली.

तेवढ्यात बायकांतून फुलाबाई उठली.

"आमी कोंबड्या न्हाय," ती म्हणाली, आणि पटांगणातून चालती झाली.

एस.टी.च्या थांब्यावर ती नकोशीची वाट बघत उभी होती. तिला माहेर उरलं नव्हतं. नकोशी तिला इंदापूरला घेऊन निघाली. गाडी आली तेव्हा महिपती धापा टाकत तिथं पोचले. बायकोकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"पोरी, माझ्या हातात काय व्हतं त्यात?"

उत्तर नकोशीच्या ओठावर होतं. ती गाडीत चढली.

इंदापुरात सवतीला दारात बघून प्रयागबाईनं तिला आत घेतलं. पाणी दिलं, ताट वाढलं. मग नकोशीनं झालेलं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर प्रयागबाईनं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. या खेपेला फुलाबाईनं सांगितलं.